बोट पुन्हा टेकवा

त्यानं ओआरएसच्या दोन पुड्या एका पेल्यात ओतल्या, तेव्हा मला त्याच्याशी बोलणं भाग पडलं. एरवी मी गिऱ्हाइकांशी कामापुरतंच बोलते.

एप्रिलचा मधला आठवडा होता आणि सोलापुरात पारा त्रेचाळीसवर. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या तोंडाशी आमचं मेडिकल आहे. आमचं म्हणजे शांतम्मांचं. मी तिथली फार्मसिस्ट. नाव दाक्षायणी, गाव दुधनी, वय सव्वीस, आणि स्वभाव घरच्यांच्या मते थंड. सोलापूरच्या उन्हाळ्यात थंड असणं हा दुर्गुण कसा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तर हा माणूस. उंच, सावळा, केसांत आणि भुवयांत कापसाचे पांढरे तंतू. त्यावरून टॉवेलच्या कारखान्यातला हे कळलंच. त्यानं पुड्या घेतल्या, दारातल्या माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि तिथंच दोन्ही पुड्या फाडून बोटानं ढवळायला लागला.

"अहो, हे काय करताय?"

"पितोय की."

"एक पुडी एक लिटर पाण्यात घालायची असते. पाकिटावर लिहिलंय."

"लिटरभर पीत बसलो तर काम कवा करायचं, म्याडम?"

"जुलाब होतायत का?"

तो दचकला. दुकानात आणखी दोन बायका उभ्या होत्या. "न्हाय वो!"

"उलट्या?"

"न्हाय, न्हाय."

"मग कशासाठी पिताय?"

त्यानं जरा इकडंतिकडं पाहिलं. बायका जाईपर्यंत थांबला. मग दोन्ही हात काउंटरवर पालथे घातले आणि... हळूच उलटे केले.

मी रोज शंभर हात बघते. असे पाहिले नव्हते. बोटांची कातडी पांढरी पडून पापुद्रे सुटलेले, पेरांवर बारीक चिरा. अंगठ्यांवर तर रेषा जवळजवळ दिसतच नव्हत्या.

"मोबाईलवर एक बाई सांगत हुती," तो म्हणाला, "कातडी कोरडी पडली म्हंजी आतनं क्षार कमी पडल्यात. रोज दोन पुड्या घ्या, म्हयन्यात गालासारखी कातडी हुती. आज नववा दिस हाय."

"नऊ दिवसांत काय फरक पडला?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "तहान लई लागती."

मला हसू आलं. मी ते आतल्या आत ठेवलं.

त्याचं नाव जोतिराम. माळशिरसकडच्या एका वाडीवरचा, धनगराघरचा. घरी मेंढरं, थोडी जिरायत जमीन. दोन वर्षांपासून इथल्या एका कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालायचा, दिवसाला हजारबाराशे. आणि त्याची अडचण कातडीची नव्हतीच, अंगठ्याची होती. वनरक्षकाच्या भरतीत त्याची निवड झाली होती. नऊ मे रोजी कागदपत्रांची तपासणी, आणि तिथं यंत्रावर अंगठा टेकवायचा. परीक्षेच्या वेळी घेतलेल्या ठशाशी तो जुळला पाहिजे.

"परीक्षेच्या टायमाला चौथ्यांदा घेतला यंत्रानं. तवा हात बरे हुते की. आता तर माजा फोनबी मला वळखत न्हाय."

"फोनचं बटण बिघडलं असेल." मी माझा फोन पुढं केला. त्यात नवीन बोट नोंदवायचा पर्याय उघडला. "टेकवा."

त्यानं अंगठा टेकवला. फोन थरथरला. *बोट पुन्हा टेकवा.* पुन्हा टेकवला. *बोट पुन्हा टेकवा.* दहाबारा वेळा तेच. शेवटी फोननं नाद सोडला.

"बगा," तो म्हणाला. आवाजात चेष्टा होती, चेहऱ्यावर नव्हती. "पाच वर्सं अभ्यास केला. धा किलोमीटर पळायचो रोज सकाळी. आणि आता मी मीच हाय, हे सांगायला अंगठा न्हाय."

चोवीस दिवस उरले होते. मी त्याच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सोडली. ती लगेच खाली बसली नाही, क्षणभर तशीच उभी राहिली.

"हे काय?"

"तपासणी. दिवसभरात पाणी किती पिता?"

"घड्या घालत्यात तितं बाटली न्यायची न्हाय. टॉवेलावर डाग पडतो. जेवताना पितो तेवडंच."

मग मी त्याला नीट सांगितलं. शरीरात पाणी खरंच कमी आहे, म्हणून ओठ फाटलेत, डोकं दुखत असणार. घामानं मीठही जातं, तेव्हा उन्हातून आल्यावर एखादी पुडी ठीक आहे – पण लिटरभर पाण्यात. पेलाभर पाण्यात दोन घातल्या तर तहान भागायच्या ऐवजी वाढते. आणि बोटांचं म्हणाल, तर पाणी आतून कितीही ओता, वरून उडूनच जाणार. कातडीला वरून ओशटपणा लागतो. झाकण नसलेलं पातेलं कितीही भरलं तरी चुलीवर आटतंच.

"म्हंजी पुड्या नकोत?"

"रोज दोन तर नकोतच. मी देणार नाही."

आतून शांतम्मांचा आवाज आला, "अय्यो, दाक्षायणी! गिऱ्हाइकाला नको म्हणायला तुला पगार देते का ग मी?"

जोतिराम हसला. फाटका ओठ ताणला गेला आणि लगेच दुखलाही. मी साधी पेट्रोलियम जेली दिली आणि रात्री सुती हातमोजे घालून झोपायला सांगितलं. कामावर असताना दर दोन तासांनी बाहेर येऊन पाणी प्यायचं, हेही बजावलं.

"आनि तपासणीला कवा येऊ?"

"कसल्या?"

"चिमट्याच्या."

"चार दिवसांनी," मी म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली. ती मी दोनदा वाचली.

चार दिवसांनी तो आला. ओठ भरून आले होते, डोकेदुखी गेली होती. चिमटा काढला, तर कातडी पटकन खाली बसली. पाण्यानं पाण्याचं काम केलं होतं. बोटं मात्र तशीच. फोन म्हणाला, बोट पुन्हा टेकवा.

आठवडा गेला. तो रोज संध्याकाळी सहाला पाळी सुटली की यायचा. घ्यायचं काही नसलं तर माठातलं पाणी प्यायचा आणि मला दिसेल असा पेला वर धरायचा. "हा सातवा हाय, म्याडम. लिवून घ्या." मी लिहून घेत नव्हते, पण मोजत होते. सांगायला हरकत नाही, साडेपाचपासूनच माझं लक्ष रस्त्याकडे असायचं. मी स्वतःला सांगायचे की हा एक अवघड रुग्ण आहे, आणि अवघड रुग्णात रस वाटणं शिकलेल्या माणसाला शोभतं.

"वनरक्षक झाल्यावर काय करणार?" एकदा मी विचारलं.

"तीच तर गंमत हाय. आमचा बाप ज्यांना बगून मेंढरं घिऊन पळायचा, त्यातलाच एक हुनार मी. बाप म्हणतो, आदी मला सांगून येत जा रानात."

"आणि सांगणार?"

"तुमी असता तर सांगितलं असतं का?"

"नाही."

"मग मीबी न्हाय," तो म्हणाला. "पर आवाज करत यीन."

तेरा दिवस उरले तरी अंगठा जागचा हलेना. जेली लावत होता, मोजे घालत होता, पाणी पीत होता. तरी बोटं कोरडी. माझ्या डी.फार्मच्या सगळ्या वह्या आठवून झाल्या. शेवटी मी चिडून विचारलं, "दिवसभरात हाताला काय काय लागतं, सकाळपासून सांगा. एकही गोष्ट गाळू नका."

तो सांगत गेला. उठणं, तोंड धुणं, हात धुणं. चहा, हात धुणं. डबा, हात धुणं.

"इतके वेळा हात?"

त्यानं हात काउंटरखाली घेतले.

"कशानं धुता?"

"...कपड्याच्या वडीनं."

"कपड्याच्या साबणानं? दिवसातून किती वेळा?"

"आटधा येळा." त्यानं नजर खाली घातली. "पयल्यांदा आलतो तवा गावाकडनं मेंढरं कातरून आलतो. खोलीतली पोरं म्हणली, मेंढराचा वास मारतोय. आंगाच्या साबणानं जात न्हाय तो. मग कपड्याच्या वडीनं घासाया लागलो. आता रोजची सवय झाली."

दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस न येणारा वास धुऊन काढत होता, आणि वर ओआरएस पीत होता.

"गावी असताना हात असेच होते?" मी विचारलं.

"छ्या! मेंढरं कातरली की चार दिस हात लोण्यावानी. आईचे अजून हायत. साट वर्साची हाय, पर तिचा हात धरला तर नव्या नवरीचा वाटंल."

मी आत गेले. खालच्या कप्प्यात एक मलम होतं. ते बाळंतिणी घ्यायच्या, फाटलेल्या टाचांचे लोक घ्यायचे. मी ट्यूब उघडली आणि थोडं माझ्याच हातावर चोळलं. मग हात त्याच्यापुढं धरला.

"वास घ्या."

त्यानं संशयानं नाक जवळ आणलं, आणि झटकन मागं झाला. "आयला! ह्याला तर मेंढराचा वास येतोय!"

"येणारच. लोकरीला जो ओशटपणा असतो, तोच यात काढून भरलाय. लॅनोलिन म्हणतात. लोक दुकानात येऊन विकत घेतात."

तो ट्यूबकडे बघत राहिला.  मी त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधत होते, पण तिथं वेगळंच काहीतरी होतं. त्याच्या आईचा हात त्याला कुणीतरी परत दिला होता, असं काहीतरी.

"कपड्याची वडी बंद," मी म्हणाले. "हात ओले असतानाच हे लावायचं. दिवसातून चारदा."

"आनि वास?"

"येऊ दे."

"तुमाला चालंल?"

हा प्रश्न औषधाचा नव्हता. मला ते कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. मी अजून हात पुढंच धरला होता. तो मागं घ्यायला हवा होता...

"मी फार्मसिस्ट आहे," मी म्हणाले. "मला सगळे वास चालतात."

"ते न्हाय इचारलं मी."

"ट्यूब घ्या आणि जा. सातला दुसऱ्या कारखान्यांची पाळी सुटली की गर्दी होते."

तो गेला. हात धुवायचा मी संध्याकाळभर विसरले. खरं सांगायचं तर, विसरले नव्हते.

त्यानंतर मात्र रोज थोडा फरक दिसायला लागला. आधी चिरा मिटल्या. मग पापुद्रे गेले. मग अंगठ्यावर, पुसलेल्या पाटीवरची अक्षरं उजेडात धरल्यावर दिसावीत तशा, पुसट रेषा. तपासणीच्या तीन दिवस आधी मी फोन पुढं केला. दोघंही काउंटरवर वाकलो होतो. त्याच्या केसांतला कापूस माझ्या बाहीवर पडत होता.

अंगठा टेकवला. फोन थरथरला, पण नाही म्हणायला नव्हे. पडद्यावरचं वर्तुळ थोडं भरलं. उचलला, टेकवला. आणखी भरलं.  वर्तुळ पूर्ण झालं आणि फोननं त्याला नाव दिलं – बोट २.

"घेतलं!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की शांतम्मा आतून धावत आल्या. त्यानं माझा हात धरला होता. कधी धरला ते दोघांनाही माहीत नव्हतं. शांतम्मांनी हाताकडे बघितलं, मग छताकडे बघितलं आणि "अय्यो, पंख्याला किती धूळ" म्हणत परत आत गेल्या.

नऊ मेला दुपारी फोन आला. "पयल्या झटक्यात घेतला, म्याडम." मागं पुष्कळ गलका होता. "पयल्या झटक्यात!"

"छान," मी म्हणाले. मला आणखी बोलायचं होतं. मी म्हणाले, "ट्यूब संपत आली असेल."

जूनमध्ये त्याला प्रशिक्षणाचा आदेश आला. सहा महिने, तिकडं विदर्भात. निरोप घ्यायला आला तेव्हा केसांत कापूस नव्हता, त्यामुळे तो मला जरा परकाच वाटला. मी त्याला चार ट्यूब बांधून दिल्या आणि पाणी कसं प्यायचं ते पुन्हा सांगितलं. तो सगळं ऐकून घेत होता. कशाची तरी वाट बघत होता. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि तेच माझ्या तोंडून निघेना. घरी काय होईल ते मला ठाऊक होतं. दुधनीत माझ्यासाठी कलबुर्गीचं एक स्थळ आईनं मनात धरून ठेवलं होतं. पण खरं कारण तेही नव्हतं. मी आयुष्यात कुणालाच काही पहिल्यांदा सांगितलेलं नव्हतं.

"तेवडं फोनातलं माजं बोट काडून टाका," तो शेवटी म्हणाला. "उगा राहायला नको."

"टाकते."

"टाका मग," तो म्हणाला, आणि गेला.

ऑगस्टमध्ये त्याचा एकच निरोप आला. *काडलं का बोट.* मी लिहिलं, *हो.* दोन निळ्या खुणा दिसल्या, आणि त्यानंतर काही नाही.

बोट २ कसं काढायचं ते मला चांगलं माहीत होतं. तीन वेळा मी त्या पर्यायापर्यंत गेले. फोन विचारायचा, हे बोट खरंच काढायचं का? प्रश्न सरळ होता, मी परत यायचे. मध्ये कलबुर्गीचं स्थळ येऊन चहा पिऊन गेलं. मी नको म्हणाले. आईनं कारण विचारलं. "त्यांचे हात फार मऊ आहेत," मी म्हणाले, आणि आईला वाटलं उन्हानं पोरीचं डोकं फिरलं.

जानेवारी आला. गड्ड्याची जत्रा भरली होती, शहरात गर्दी होती, हवा कोरडी ठणठणीत. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवर खोकी लावत होते. खाली कुणीतरी म्हणालं, "ओआरएसच्या दोन पुड्या द्या, म्याडम. आनि एक पेला."

मी वळले नाही. वळले असते तर पडले असते.

"एक पुडी एक लिटर पाण्यात," मी फळीकडे बघत म्हणाले.

"ध्यानात हाय की."

तेवढ्यात शांतम्मा आतून ओरडल्या, "दाक्षायणी, औषधाच्या एजंटाचा नंबर सांग ग, गाडी आली नाही अजून!" माझा फोन खाली काउंटरवर होता. "द्या जरा इकडं," मी म्हणाले, आणि हात खाली केला. तो विचार माझ्या मनात आलाच नाही. खरंच नाही आला.

त्यानं फोन उचलला. उजव्या हातात, अंगठा बाजूच्या बटणावर, सगळे उचलतात तसा. आणि फोन उघडला.

 मी स्टुलावर, तो खाकीत खाली उभा. त्यानं उघड्या पडद्याकडे बघितलं. मग फोन बंद केला. अंगठा टेकवला. उघडला. बंद केला. टेकवला. उघडला.

"पयल्या झटक्यात," तो हळू म्हणाला. "तीनदा."

"काढायचं राहून गेलं."

"सात म्हयने?"

"दुकानात काम फार असतं."

"तुमी तर काडलं म्हणून लिवलं हुतं." त्यानं फोन काउंटरवर ठेवला. "मी त्या दिवशी जेवलो न्हवतो, म्याडम."

मी स्टुलावरून उतरले. आता आमच्यात फक्त काउंटर होता, आणि त्यावर तो फोन. आत्तापर्यंत जे मी इतकं जपून ठेवलं होतं, ते एका बटणानं चव्हाट्यावर आणलं होतं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि त्याचंच बरं वाटलं.

"खोटं लिहिलं होतं," मी म्हणाले. "राहून गेलं नाही, जोतिराम. मी काढलं नाही. तू मला आवडतोस. तू माठातलं पाणी प्यायला यायचास तेव्हापासून. झालं? आता पुड्या घे आणि..."

"जा?"

"नको जाऊस."

आतून शांतम्मा म्हणाल्या, "गाडी उद्या आली तरी चालेल हो!" आणि मधल्या दाराचा पडदा ओढून घेतला.

जोतिरामनं खिशातून स्वतःचा फोन काढला. नवा होता. त्यानं काहीतरी उघडलं आणि काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. पडद्यावर एकच ओळ होती, बोट १, आणि खाली मोकळी जागा. "दुसरं कुणाचं घातलं न्हाय," तो म्हणाला. "टेकवा."

मी अंगठा टेकवला. फोन थरथरला. *बोट पुन्हा टेकवा.* पुन्हा टेकवला. तेच. मी अंगठा उजेडात धरला. दिवसभर खोकी, पुठ्ठे आणि सॅनिटायझर. अंगठा पांढरा पडून सोलला होता. सात महिन्यांत मला ते दिसलंच नव्हतं.

त्यानं माझा हात उलटा केला, पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती लगेच खाली बसली नाही.

"दिसाला पाणी किती पिता, म्याडम?" त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं.

"जेवताना पिते तेवढंच."

"हं." त्यानं माठातून पेला भरून आणला आणि मी सगळं पिईपर्यंत समोर उभा राहिला. मग खाकीच्या खिशातून ट्यूब काढली. शेपटापर्यंत गुंडाळत आणलेली, मी बांधून दिलेल्यातली शेवटची. उरलंसुरलं मलम पिळून माझ्या अंगठ्यावर लावलं आणि सावकाश चोळत राहिला. काउंटरभर मेंढराचा वास झाला.

"चालंल न्हवं?" त्यानं विचारलं.

"चालेल."

फोन अजून उघडाच होता. पडद्यावर लिहिलं होतं, बोट पुन्हा टेकवा. मी पुन्हा टेकवलं.